दाढेतली कीड

नजीराचा नवरा प्लेगात गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. चौथीपर्यंत शिकलेली होती आणि हात स्वच्छ होता, म्हणून शनिवार पेठेतल्या एका छोट्या दवाखान्यात तिला बायकांच्या बाजूला काम मिळालं. तिथले डॉक्टर हंबीरराव मुंबईला वैद्यकी शिकून आले होते, आणि त्यातले सहा महिने त्यांनी एका दंतवैद्याच्या हाताखाली काढले होते. दाढ उपटण्याऐवजी ती कोरून आत चांदीचा लगदा भरायची विद्या १९१३ साली कोल्हापुरात फारशी कुणाला ठाऊक नव्हती.

बायका परपुरुषापुढं पदर बाजूला करून तोंड उघडायला लाजत. त्यामुळे मधे पडदा असे. डॉक्टर पडद्याआड थांबत, नजीरा बाईच्या तोंडात बघून काय दिसतं ते सांगे. अगदी गरज पडली तरच डॉक्टर आत येत. मग ते जे बोलत ते नजीरा बाईला समजेल अशा भाषेत सांगे, कारण हंबीररावांची मराठी पुस्तकातली होती. ‘दंतक्षय’, ‘दंतमज्जा’, ‘विद्रधी’. ऐकून बायका नजीराच्या तोंडाकडं बघत बसत.

जेठात वडणग्याची चिमणाबाई आली. चाळिशीची, शेतात राबणारी, आवाज मोठा. तिच्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. गूळ खाल्ला की कळ मस्तकात जाई.

“दंतक्षय आहे,” पडद्याआडून डॉक्टर म्हणाले. “फार खोल नाही. भरून टाकू. गुरुवारी यायला सांगा.”

“दाढंला कीड लागलीया, मावशी,” नजीरानं सांगितलं. “गुरवारी या. डॉक्टर कोरून आत चांदी भरतील.”

चिमणाबाईनं मान हलवली आणि गेली. गुरुवारी ती आली नाही. न येणारे पुष्कळ असत, म्हणून नजीरानं मनावर घेतलं नाही.

श्रावण लागता लागता तिचा दीर सयाजी तिला बैलगाडीतून घेऊन आला. अर्धा चेहरा सुजून डोळा मिटला होता, अंगात ताप होता. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. या खेपेला पडदा बाजूला सारून हंबीरराव स्वतः आत आले.

“मुळाशी पू झालाय. आधी पू काढायचा, मग दाढ. दोन महिन्यांमागं आल्या असत्या तर दाढ वाचली असती.” ते चिडले होते. “का नाही आल्या, विचारा.”

चिमणाबाईनं दातावर दात ठेवूनच उत्तर दिलं, “तुमीच सांगिटलं की कीड हाय म्हणून. कीड आत ठिवून वरनं चांदी भरली तर ती आतल्या आत कुरतडत बसल न्हवं? म्हणून आदी कीड काडून घेतली. सहा काडल्या. म्या डोळ्यानं बगितल्या, पाण्यात पडल्याल्या. दोन दिसांत कळ थांबली. मग कशाला येऊ?”

“कुणी काढल्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“शाजादी म्हणून हाय एक. तालमीच्या मागं. निखाऱ्यावर बिया टाकून धुरी देतीया, तोंडाखाली पाण्याची परात ठिवून.”

गरम पाण्याचं भांडं धरून उभी असलेली नजीरा दोन पावलं मागं सरली. शहाजादी तिची आई.

आधी पू काढला, मग दाढ. चिमणाबाईला तीन रात्री दवाखान्यातच ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी डॉक्टर त्या दाढेची भोकाची बाजू बोटानं चाचपत बसले होते, तेव्हा नजीरा त्यांच्याजवळ गेली.

“डॉक्टरसाहेब, चूक माझी हाय. मी कीड म्हणाले.”

“त्यात चूक काय? मराठीत तेच म्हणतात.”

“म्हणतात. पण त्यांनी ते खरं मानलं. कीड हाय म्हटल्यावर माणूस कीड काढायलाच जाणार.”

हंबीरराव दाढ घेऊन टेबलाशी गेले. मग त्यांनी बारीक करवतीनं ती दाढ उभी कापली. भोकापासून आत एक काळी वाट गेली होती. दाढेच्या पोटात एक लहानशी पोकळी होती, आणि तिथून दोन्ही मुळांत केसाएवढ्या बारीक नळ्या उतरत होत्या.

“इथं नस असते,” ते म्हणाले. “वरचं कवच सडत सडत नसेपर्यंत पोचलं की कळ. नस मेली की कळ थांबते, माणसाला वाटतं बरं झालं. पण मेलेली नस आत कुजते आणि मुळाखाली पू धरतो. यांचं तेच झालं.”

म्हणजे धुरीनंतर दोन दिवसांत थांबलेली कळ ही बरं होण्याची खूण नव्हती. ती दाढ मेल्याची खूण होती. ते दोन तुकडे नजीरानं रुमालात बांधून घरी नेले.

आई चुलीपुढं बसली होती. घरात त्या दोघी दखनीत बोलत; ते बोलणं इथं मराठीत दिलं आहे. नजीरानं तुकडे तिच्या तळहातावर ठेवले आणि सगळं सांगितलं. मग विचारलं, “अम्मा, त्या परातीत पडतात त्या काय असतात?”

शहाजादीनं तुकडे दिव्याजवळ नेले. बराच वेळ त्या पोकळीकडं बघत राहिली. चाळीस वर्षं ती लोकांच्या तोंडात बघत होती, पण दाढेच्या आत काय असतं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“रिंगणीच्या बिया तापल्या की फुटतात,” ती शेवटी म्हणाली. “आतला कोंब उडून पाण्यात पडतो. अळीसारखा दिसतो.”

“तुला ठाऊक होतं?”

“माझ्या आईनं मला कीड म्हणूनच शिकवलं. तू पोटात होतीस तेव्हा एकदा बिया सादळल्या का बघायला मी नुसतीच धुरी केली. कुणाचं तोंड नव्हतं वर. तरी पाण्यात चार पडल्या.”

“मग बंद का नाही केलंस?”

“कळ थांबत होती लोकांची. धुरानं हिरडी बधिर होते. रात्र रात्र न झोपलेली बाई माझ्यापुढं बसल्या जागी झोपायची. तिला काय सांगू, तुझ्या दाढेत काही नाही म्हणून?”

नजीरानं तुकडे परत रुमालात बांधले. राग यायला हवा होता, तो आलाही. पण तिला दवाखान्यात चिमणाबाईला सांगितलेला तो एक शब्द आठवत राहिला. आईनं खोटं जाणून सांगितलं होतं. नजीरानं न जाणता सांगितलं होतं. सुजलेल्या गालाला त्याचा काय फरक पडणार होता?

तिसऱ्या दिवशी चिमणाबाईचा ताप उतरला. पेज पिऊन झाल्यावर ती म्हणाली, “माजी दाढ कुटं हाय? दाव. किती ऱ्हायल्या हुत्या आत त्या बगू.”

नजीरानं दोन्ही तुकडे तिच्या हातात दिले. “बगा, मावशी. एकबी न्हाय. किडा नसतोयच. दाढ सडती, लाकूड सडतं तशी. हे वरचं कवच. ही आतली जागा नसंची. ही मुळं. सड हितनं आत गेली.”

“मग त्या सहा?”

हीच वेळ गप्प बसायची होती. नजीराला तसं वाटूनही गेलं.

“बियांचे कोंब हुते. ती शाजादी माजी आई हाय, मावशी. आन् कीड म्हणून तुमाला पयल्यांदा सांगितलं ते मी.”

चिमणाबाईनं तिच्याकडं एकटक बघितलं. सयाजी दारात उभा होता, तो काहीतरी बोलायला पुढं झाला. तिनं हातानंच त्याला थांबवलं.

“फशिवलं म्हणायचं तुमी दोगींनी,” ती म्हणाली. “पर तुज्या आईनं माजी हनवटी दोन घटका हातात धरली हुती. घाम पुसत हुती पदरानं. हितं त्या बाप्यानं चिमटा घातला तवा मला कुणीच धरलं न्हाय. तूबी भांडं घिऊन लांब हुबी हुतीस. त्येवढं बदला.”

ती गेली. पुन्हा आली नाही. पण आश्विनात तिनं आपल्या जावेला पाठवलं, भोक लहान होतं तेव्हाच.

नजीरानं ‘कीड’ हा शब्द दवाखान्यात पुन्हा उच्चारला नाही. बाई आली की ती दाढेचे ते तुकडे पुढं ठेवी आणि कवच, नस, मूळ, हिरडी एकेकावर बोट ठेवून दाखवी. सड कुठपर्यंत गेली ते सांगे. मग डॉक्टर दाढ भरत किंवा काढत असताना बाईचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरून उभी राही.

शहाजादीनं बिया फेकून दिल्या असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. लेकीनं परक्या बाईला सगळं सांगितलं म्हणून ती आठ दिवस नजीराशी बोलली नाही. त्यानंतरही जुनी माणसं येत, तिच्यापुढं बसत. फरक एवढाच पडला की धुरी पेटवायच्या आधी ती दाढेवर नखानं टिचकी मारून बघे, हिरडी दाबून बघे, आणि कित्येकांना उठवून लावी, “हे धुरीचं काम न्हाय. नजीराकडं जा.”

त्या बायका दवाखान्यात येत त्या आपला आजार नेमक्या शब्दांत सांगत. गार पाण्यानं क्षणभर येते ती शिणक. नाडीबरोबर ठोके पडतात तो ठणक. शिणक म्हणणारीची दाढ बहुतेक वाचे. ठणक म्हणणारीची बहुतेक काढावी लागे. हंबीरराव पहिल्यांदा हसले, मग आपल्या वहीत लिहून घेऊ लागले.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?” त्यांनी एका बाईला पडद्याआडून विचारलं.

“शाजादीनं.”

त्या संध्याकाळी नजीरानं ते आईला सांगितलं. शहाजादी भाकरी थापत होती. “दोनच शब्द लिहिले?” ती म्हणाली. “अजून तीन-चार आहेत. त्याला म्हणावं ये, सांगते.”

पुढच्या रविवारी डॉक्टर हंबीरराव वही घेऊन तालमीमागच्या त्या घरी गेले.