बटणांनी भरलेला डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. माझं झाकण कुरकुरतं आणि आज मीही कुरकुरणार आहे, तेव्हा ऐकून घ्या.

एका शिंप्याच्या बायकोने मला मुद्दाम बनवून घेतलं. पत्रे ठोकणाऱ्या कारागिराला तिने आत चार खण करायला लावले आणि प्रत्येकावर वेगळी झाकणी बसवायला सांगितली. एक खण प्रवासाचा, एक मुक्कामाचा, एक खाण्यापिण्याचा आणि एक अडीनडीचा. शिवणकामाच्या कमाईतून ती सगळ्या खणांत थोडं थोडं टाकायची. सुट्टी लागली की मला उघडायचं आणि असेल तेवढ्यात जमेल तिथेच जायचं, असा तिचा नियम. कधी डोंगरावर चार दिवस, कधी नुसतं तळ्यावर जाऊन संध्याकाळी परत. पण परतल्यावर कोणाचं देणं नसायचं. शेजारणी मला हातात घेऊन म्हणायच्या, "असा डबा आम्हालाही हवा बाई." मी तेव्हा भलताच फुशारलो होतो.

मग बटणं आली. एकदा दोऱ्याची रिळं आणायला पैसे कमी पडले. शिंप्याने प्रवासाच्या खणातली नोट काढली आणि आठवण राहावी म्हणून तिच्या जागी कोटाचं बटण ठेवलं. "शनिवारी परत टाकतो," असं स्वतःशीच पुटपुटला. शनिवार आला नि गेला. पुढे बायकोनेही मुक्कामाच्या खणातून घेतलं आणि शर्टाची बटणं ठेवली. शिंप्याच्या घरात बटणांना काय तोटा! दोघांनी एकमेकांना सांगितलं मात्र नाही. हळूहळू बटणं चारही खणांत वाढत गेली, पण डब्याने सांगायचं कसं?

सुट्टी जवळ आली. शिंप्याने मला कानाशी धरून हलवलं. मी खडखडलो.

"भरलाय की. यंदा समुद्र," तो मुलीला म्हणाला. मुलीने वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं. समुद्राकाठची खोली ठरली. बॅगा भरायच्या दिवशी नवराबायकोने झाकण्या उघडल्या, तर चारही खणांत बटणंच होती.

"मला वाटलं, मी घेतले तेवढेच कमी आहेत," शिंपी म्हणाला.

"मलाही तेच वाटलं. राहू दे, नको जायला."

"आणि पोरीला काय तोंड दाखवू? जाऊन तर येऊ, मग बघू."

तिथेच थांबायला हवं होतं. ऋण काढून सण करू नये म्हणतात ते काही उगाच नाही. शिंप्याने शिलाई मशीन तारण लिहून दिलं आणि एका सावकाराकडून पैसे आणले. हा सावकार हसल्याशिवाय बोलत नाही, म्हणून घरात त्याला सगळे हसरे काका म्हणतात.

मीही समुद्रावर गेलो. मुलगी लाटांत मनसोक्त नाचली. शिंपी वाळूवर बसून बोटांवर हिशेब करायचा आणि मुलीने एक आइस्क्रीम मागितलं की दोन आणायचा. मला ते बघवत नव्हतं.

परत आल्यावर हप्ते सुरू झाले आणि माझे खण कोरडे पडले. दोन हप्ते कसेबसे गेले, पुढचे चुकले. हसरे काका सुरुवातीला पैसे मागायचे. हल्ली पैशांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. चहा घेतात, मशीनवर हात फिरवतात आणि विचारतात, "तेल देताय ना वेळेवर?" त्या हाताची मला धास्ती बसली आहे. मशीन गेलं तर या घराची चूल कशावर पेटणार?

आज काका आले आणि म्हणाले, "जरा दार मोजू या. मशीन आडवं काढावं लागेल का, ते बघू." शिंप्याच्या गळ्यातली टेप त्यांनी मागून घेतली. एक टोक त्यांनी चौकटीला लावलं. दुसरं टोक शिंप्याने धरलं.

मुलगी मशीनला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, मला सांगायचं ना. मी नसते गेले समुद्रावर."



मित्रांनो, तुमच्या घरी सुट्टीचा बेत ठरेल तेव्हा आईबाबांना म्हणा, "पैसे किती आहेत ते आम्हालाही दाखवा." ते संकोचतील, विषय बदलतील. तरी विचारा, आणि निघण्याआधी विचारा.