नववीच्या भिंतीवरचं हृदय

छताला उलटा टांगलेला, पोटात दिवा आणि कुशीत पंखा असलेला एक प्रोजेक्टर आहे मी. मुक्काम कोलकात्यात, बेहालातल्या एका मुलींच्या शाळेत, नववीच्या वर्गात. कारखान्यातलं मला एवढंच आठवतं, की कोणीतरी मला पेटवलं, समोर पांढरा चौकोन उमटला आणि त्या माणसाने मान डोलावून मला विझवलं.

शाळेत माझं स्वागत हार घालून झालं. फोटो निघाले, भाषण झालं. मग दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. शिक्षकांना मी आवडत नाही, असं मला वाटे. पुढे कळलं, की ते मला भीत होते.

सर्वांत जास्त भीत होत्या मंजुषाताई. त्या जीवशास्त्र शिकवायच्या. घर मराठी, पण जन्म इथलाच, त्यामुळे बंगाली अगदी घरच्यासारखी. फळ्यावर त्यांनी काढलेला बेडूक पुसायला मुलींचा हात धजावत नसे. वरून हुकूम आला म्हणून एकदा त्यांनी लॅपटॉप मला जोडला. मी निळा पडलो. 'सिग्नल नाही' अशी अक्षरं माझ्यातून भिंतीवर उमटली. त्यांनी दिसेल ते बटण दाबून पाहिलं. मागच्या बाकावर कोणी खुदकन हसलं, मग सगळा वर्ग हसला. मंजुषाताईंनी वायर काढली, खडू उचलला आणि धडा पुरा केला.

त्या हिवाळ्यात शिक्षकांना संगणक शिकवायला केतकी येऊ लागली. नवऱ्याच्या बदलीमुळे ती नुकतीच कोलकात्यात आली होती. दर शनिवारी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या सॉल्ट लेकहून बस बदलत यायची. शाळा सुटली की शिक्षक आमच्याच वर्गात बाकांवर बसायचे, जरा अवघडून.

गणिताचे अरुणबाबू पहिल्याच दिवशी म्हणाले, "यंत्र शिकवायला लागलं, की आम्ही घरी बसायचं ना?"

"कोणत्या मुलीला कळलं नाही, ते यंत्राला दिसत नाही, सर," केतकी म्हणाली. "ते तुम्हालाच बघावं लागणार."

अरुणबाबूंना ते पटलं नाही. ते यायचे बंद झाले.

एका शनिवारी सगळे गेल्यावर मंजुषाताई मागे राहिल्या. दोघीच असल्या, की त्या मराठीत बोलत.

"केतकी, मीही आता येणार नाही गं. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत, तेवढे खडूवर निघतील."

"का, ताई?"

"मुलींसमोर हसं झालं माझं. परत नको."

केतकीने दार लावून घेतलं. माझ्या सगळ्या वायरी काढून त्यांचा टेबलावर ढीग केला. "आता जोडा. मी खिडकीबाहेर बघत बसते. हव्या तितक्या चुका करा."

मंजुषाताई चुकल्या, पुन्हा चुकल्या. मी किती वेळा निळा पडलो, त्याला गणती नाही. आणि मग त्यांनी स्वतःचा फोन जोडला, तर एकदम त्यातला फोटो भिंतीवर आला: त्यांचे यजमान मुकुंदराव, हातात इलिश मासा, भिंतभर. त्या इतक्या हसल्या, की डोळे पुसावे लागले. मग भिंतीवरच्या माशाचा एकेक खवला निरखू लागल्या.

"सूक्ष्मदर्शकातलं दिसेल का गं यावर?"

हे केतकीलाही सुचलं नव्हतं. पुढचे काही शनिवार दोघी सूक्ष्मदर्शकावर फोन बसवायच्या खटपटीत होत्या. पुठ्ठा आणि रबरबँड लावल्यावर तो एकदाचा स्थिर बसला.

एरवी सूक्ष्मदर्शकापाशी मुलींची रांग लागे. एक डोळा मिटून प्रत्येकीने धुरकट काहीतरी पाहायचं आणि "दिसलं" म्हणून पुढे सरकायचं. त्या सकाळी मंजुषाताईंनी शाळेमागच्या पुकुरातलं, म्हणजे तळ्यातलं, पाणी आणलं. खिडक्या बंद झाल्या. मी पेटलो. भिंतीवर नुसतं धुकं. मागे कोणीतरी खाकरलं. त्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू हळूहळू फिरवत होत्या, आणि मला त्यांची काळजी वाटत होती.

धुकं विरलं. पाण्यातली एक पिसू भिंतभर उभी राहिली, काचेसारखी आरपार. आत तिचं हृदय भराभर धडधडत होतं. पाठीत अंडी होती.

बाकांवरच्या मुली पुढे वाकल्या.

"दीदीमणी, ती जिवंत आहे?" एका मुलीने हळूच विचारलं.

"हो. आत्ता, या क्षणी."

त्या मुलीचा हात स्वतःच्या छातीवर गेला. मंजुषाताई भिंतीजवळ गेल्या. हृदयाची सावली त्यांच्या पदरावर उडत होती.

"हे हृदय मी आयुष्यभर खडूने काढत आले," त्या म्हणाल्या. "इतकं मोठं, धडधडताना, मीही आज पहिल्यांदा पाहतेय."

वर्ग एवढा गप्प कसा, म्हणून अरुणबाबू डोकावले होते. ते मागच्या बाकावर बसून राहिले, स्वतःचा तास विसरून. तास संपल्यावर मंजुषाताईंनी ते पाणी मुलींच्या हाती परत पुकुरात सोडायला दिलं. पुढच्या शनिवारी सर्वांत आधी अरुणबाबू हजर. म्हणाले, "शंकू कापला की आत काय दिसतं, ते मला दाखवायचंय. शिकवाल?" विचारलं त्यांनी मंजुषाताईंना.

केतकीची आता पुन्हा बदली झाली आहे. मंजुषाताई निवृत्त झाल्या, पण शनिवारी येऊन शिक्षकांना शिकवतात. माझा दिवा पिवळट झाला आहे. माझ्या जागी लवकरच मोठा डिजिटल फळा यायचा आहे. त्याला हार जरूर घाला. पण त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला शिकायला थोडी सवड द्या, एवढं मागून मी निरोप घेतो. मी नुसता उजेड पाडत आलो. काय दाखवावं, हे मला कधीच सुचलं नसतं.