काडीने पास केलेला मोजा

“फिरली! फिरली!”

बस थांब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सत्तरएक माणसं एकदम ओरडली. स्टुलावर एक जाड बूच ठेवलेलं, बुचात बोटभर लांबीची लाल काडी उभी खोचलेली. कुणी हात लावलेला नसताना त्या काडीचं वरचं वाकडं टोक घड्याळाच्या काट्यासारखं हळूहळू सरकत होतं आणि सरकत सरकत ते शेजारी ठेवलेल्या रानभाजीच्या जुडीकडे वळलं.

“अमृत!” काडीबाबाने डोळे न उघडताच निकाल दिला. “वनस्पती बोलते हो, पण माणूस ऐकत नाही. म्हणून ही काडी. सात डोंगर ओलांडले, एकवीस दिवस मौन पाळलं, तेव्हा भेटली. भेटल्यावर तिनेच मला विचारलं, ‘इतका उशीर का केलास?’”

मौनात असलेल्या माणसाने या प्रश्नाला उत्तर काय आणि कसं दिलं, हे मला विचारायचं होतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात शेजारच्याने बरगडीत कोपर मारलं. “गप्प बसा हो. शंका घेतली की काडी रुसते.”

रुसण्याची सोय करून ठेवलेला चमत्कार मला कधीच आवडत नाही. पण त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण पहिल्याच रांगेत हात जोडून माझ्या सासूबाई बसल्या होत्या.

मी इस्त्रीवाला. कालव्याकडे जाणारी पायवाट जिथे सुरू होते, तिथेच माझं दुकान आणि मागे घर आहे. आमच्या भागातल्या बायका सकाळी कालव्याच्या काठाने, पडीक जमिनीत, कुंपणांच्या कडेला रानभाज्या खुडायला जातात. घोळ, आंबुशी, चाकवत, कामोणी, जे मिळेल ते. परत येताना टोपल्या माझ्या इस्त्रीच्या टेबलावर रिकाम्या होतात. तीन नाकांनी वास घेतल्याशिवाय कुठलीच भाजी घरी जात नाही, हा इथला जुना नियम. पान चुरडायचं, हुंगायचं, देठ मोडून बघायचा. तिघींपैकी एकीने जरी नाक मुरडलं, तरी जुडी थेट उकिरड्यावर. वाद नाही, रुसवा नाही. माझ्या पांढऱ्या चादरींवर हिरवे डाग पडतात म्हणून मी रोज कटकट करतो आणि माझं कुणीही ऐकत नाही.

तीन नाकांपैकी एक शिंपीणबाईंचं, दुसरं निवृत्त मास्तरीणबाईंचं आणि मुख्य नाक सासूबाईंचं. चाळीस वर्षांत त्या नाकाने एकही चूक केली नव्हती. म्हणून काडीबाबा गावात येऊन आठवडा होत नाही तोच सासूबाई टोपली घेऊन माझ्या टेबलावरून थेट शेडकडे जाऊ लागल्या, तेव्हा मी चक्रावलोच.

“आई, तुम्हाला काडी कशाला लागते?” मी विचारलं.

“जावईबापू, तुम्ही कपड्यांचं बघा,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “नाक काय, आज आहे उद्या नाही. काडी चुकत नाही.”

त्यांच्या मागोमाग बाकीच्याही गेल्या. मुख्य नाकच जिथे शरण गेलं, तिथे इतरांचं काय! आठवडाभरात माझं टेबल स्वच्छ राहू लागलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

आणि मग ती कामोणी आली.

माझ्या बायकोला सातवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी हिरव्या भाज्या खायला सांगितल्या होत्या आणि सासूबाईंनी ते फार मनावर घेतलं होतं. त्या सकाळी त्या मोठी जुडी घेऊनच दुकानात शिरल्या. चेहरा नुसता फुललेला. “काडी अशी गर्रकन वळली म्हणून सांगू! कोवळी कामोणी आहे. आत्ताच्या आत्ता शिजव आणि गरम गरम खा.”

बायकोने सवयीने एक पान चुरडलं, नाकाशी नेलं आणि झटक्यात हात लांब केला. “आई गं! हे काय आहे? उग्र वास येतोय.”

“तुला हल्ली सगळ्याचाच वास येतो. सातव्यात तसंच होतं.”

“अगं, पण तू घेऊन बघ ना.”

सासूबाईंनी पान नाकाशी नेलं. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी भीतीसारखं चमकून गेलं. मग पान खाली टाकून त्या म्हणाल्या, “काही नाही येत. काडी वळलीय, विषय संपला.”

शिंपीणबाई शिवलेले कपडे इस्त्रीला टाकायला आल्या होत्या. त्यांनी एक पान उचललं, हुंगलं आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. “अहो बाई, हा धोतरा आहे! धोतऱ्याचं कोवळं रोप. हे पोटात गेलं तर तोंड सुकतं, डोळ्यांपुढे भलतंसलतं नाचायला लागतं, माणूस वेडंवाकडं बरळतो. आणि हिच्या पोटात तर...”

मी जुडी उचलली आणि सर्वांत वरच्या फळीवर, स्टार्चच्या डब्यामागे नेऊन ठेवली.

सासूबाई मात्र हटेनात. “माझ्याच मनात शंका आली असेल, म्हणून काडी फसली. उद्या मी बाबांनाच विचारते. काडी खोटी नाही हो. काडी खोटी असली तर मी काय करू?” शेवटचं वाक्य त्या फार हळू बोलल्या आणि अंगावरची लोकरी शाल टेबलावर टाकून निघून गेल्या.

मी चिडलो होतो. चिडलो की मी इस्त्री करतो. शालीच्या काठाला नेहमीसारखी कुसळं चिकटलेली होती. कालव्याकाठच्या गवताची ही कुसळं म्हणजे माझ्या धंद्याचे जन्माचे वैरी. खाली टोकदार बी, वर पीळ घातलेली लांब शेपटी. एक एक चिमट्याने उपटावं लागतं. दहा-बारा उपटून मी टेबलावर टाकली आणि वाफेच्या इस्त्रीचं बटण दाबलं. फस्स करून वाफ निघाली. एका कुसळाचं बी चादरीच्या शिवणीत रुतलं होतं, शेपटी वर उभी होती. तिच्यावर वाफ गेली आणि शेपटी फिरू लागली.

मी इस्त्री खाली ठेवली. वाकून बघितलं, श्वास सोडला. फिरली. थोडा वेळ थांबलो, कोरडी झाली तशी उलटी येऊन पहिल्या जागी उभी राहिली. पुन्हा श्वास सोडला. पुन्हा फिरली आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूला! ओल लागली की पीळ सुटतो, सुकली की पीळ बसतो. बियाने जमिनीत भोक पाडून शिरावं म्हणून गवताने केलेली सोय ती. वीस वर्षं मी ही कुसळं शिव्या देत उपटतोय आणि चमत्कार माझ्याच टेबलावर लोळत होता.

“अहो, एकटेच काय हसताय?” बायकोने आतून विचारलं.

“तुझ्या आईच्या शालीत बाबा सापडलाय,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये मी पहिला नंबर लावला. हातात तोंड बांधलेली कागदी पिशवी होती. “बाबा, एक गुप्त वस्तू आहे. पिशवी उघडायची नाही अशी माझी अट आहे. तुमच्या काडीला आतलं दिसेलच.”

गर्दीसमोर नाही म्हणणार कसं? “काडीला भिंतीपलीकडचंही दिसतं,” बाबा म्हणाला. “ठेवा. नाही, तिकडे नाही, डावीकडे ठेवा. आणि काडीला जवळून तीन श्वास द्या.”

वस्तू कायम डावीकडेच का ठेवायची, हे मला आता कळलं होतं. आणि ज्या बायका त्याच्याकडच्या औषधी पुड्या विकत घेत नसत, त्यांना तो ‘श्वास नको, फक्त नमस्कार करा’ म्हणायचा. त्यांच्या भाज्या हमखास विषारी का निघायच्या, तेही कळलं होतं. मी तीन दमदार श्वास दिले. काडी वळली.

“अमृत!” बाबा गरजला. “दुर्मिळ औषधी आहे! उकळून गाळून घ्या. अशक्त माणसाला रोज सकाळी अर्धा कप.”

मी पिशवी सोडली आणि बस ड्रायव्हरचा, आठवडाभर बुटात मुरलेला, सकाळीच त्याच्याकडून मागून घेतलेला मोजा चिमट्याने वर उचलला आणि तो कुणाचा तेही सांगितलं.

पहिल्या रांगेतल्यांनी नाकं धरली. मागच्यांना आधी काही कळेना. मग कळलं आणि पत्रे हादरतील असं हसू फुटलं. “अर्धा कप!” कुणीतरी ओरडलं. “ड्रायव्हरसाहेब, दुसरा पाय पण औषधी आहे का?”

“शंकेखोर माणूस!” बाबा किंचाळला. “याच्या शंकेने काडी रुसली!”

“रुसली असती तर जागची हलली नसती,” मी म्हणालो. “ती तर नेहमीसारखीच वळली.” मग मी खिशातून कपडे धुण्याच्या साबणाची वडी काढली. तिच्यात दहा कुसळं रांगेने खोचली होती. “ही काल माझ्या सासूबाईंच्या शालीतून काढली. ना सात डोंगर, ना मौन. बाबाने लाल रंग दिलाय आणि बी बुचात लपवलंय, एवढाच काय तो फरक.” इस्त्रीच्या पाण्याची बाटली काढून मी एक फवारा मारला. दहाही कुसळं मान वळवू लागली.

हसणं थांबलं. लोक पुढे सरकले, वाकून बघू लागले. माझी नजर मात्र सासूबाईंवर होती. त्या उठल्या, माझ्याकडून एक सुकं कुसळ मागून घेतलं, वडीत खोचलं आणि त्यावर श्वास सोडला. समोर पान नव्हतं, जुडी नव्हती, काहीच नव्हतं. कुसळ वळलं.

मग कालच्या जुडीतलं एक पान, जे मीच सोबत आणलं होतं, हातात घेऊन बाबासमोर गेल्या. “हे कुठलं पान?”

“हे... हे वनमातेचं पान.”

“हा धोतरा आहे.” सासूबाईंचा आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू येत होता. “पानाचं बूड बघा, एका बाजूला वर, एका बाजूला खाली. चाळीस वर्षं मला हे लांबूनही ओळखू यायचं. काल नाही आलं, कारण मी पानाकडे बघितलंच नाही. काडीकडेच बघत बसले.” मग त्या आमच्याकडे वळल्या. “मागे मला ताप आला होता ना, त्यानंतर माझं नाक गेलंय. कशाचाच वास येत नाही. तीन महिने झाले, मी कुणाला सांगितलं नाही. काडी आली तेव्हा बरं वाटलं की आता सांगावंच लागणार नाही. आणि त्यापायी मी माझ्या लेकीच्या ताटात विष वाढायला निघाले होते.”

मला बाबाची गंमत करायची होती, ती झाली होती. मी मोजा पुन्हा पिशवीत कोंबला. माझ्यासोबत आलेली बायको पुढे गेली आणि तिने आईचा हात धरला. गर्दीचं लक्ष तिकडे असताना काडीबाबाने बूच, पुड्या आणि स्टूल गोळा केलं आणि थांब्यावर उभ्या असलेल्या बसमध्ये चढला. बस त्याच ड्रायव्हरची होती. ड्रायव्हर एका पायात मोजा, एक पाय उघडा, असा बसला होता. त्याने आरशातून बाबाकडे बघितलं आणि म्हणाला, “बसा बाबा, औषधाशेजारीच बसा.”

आता माझं टेबल पुन्हा हिरवं झालंय. तिसरं नाक माझ्या बायकोचं. सासूबाई पान बघतात, बोटांनी चाचपतात, देठ मोडतात आणि मग जुडी पुढे सरकवून मोठ्याने म्हणतात, “मला वास येत नाही. तुम्ही घ्या.” हे वाक्य त्या रोज म्हणतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

तुमच्याही गावात उद्या कुणीतरी काडी, दोरा, नाही तर पाणी घेऊन येईल. त्याची वस्तू हलेल, रंग बदलेल, धूर सोडेल. हात जोडण्याआधी एवढंच करा: समोर आपल्या घरातला एक न धुतलेला मोजा ठेवून बघा. आणि आपल्याला एखादी गोष्ट कळेनाशी झाली असेल, तर ती चारचौघांत सांगा. न सांगितलेल्या भीतीच्या शेजारीच असे बाबा स्टूल मांडून बसतात.

काल सकाळी बायकोने एक जुडी हुंगून बाजूला सारली. सासूबाईंनी कारण विचारलं नाही, ती उकिरड्यावर टाकली आणि लेकीकडे बघून म्हणाल्या, “शाब्बास.”