वेळेवर दिलेला नकार

मुलांनो, जरा कल्पना करा. लपाछपीचा डाव रंगलाय. तुम्ही कपाटामागे अंग चोरून बसला आहात. पाय अवघडलेत, धुळीने शिंक येतेय, पण तुम्ही हूं की चूं करत नाही. आणि ज्याच्यावर राज्य होतं, तो गडी केव्हाच घरी जाऊन जेवायला बसलाय! डाव मोडला हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. कसं वाटेल?

आता भिंगरीच्या घरी चला. ही मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी. तिची आई एका मोठ्या कंपनीत नोकरीसाठी माणसं निवडायचं काम करायची. मन लावून करायची, पण ते काम तिच्या पाठोपाठ घरी यायचं. भाजी चिरताना फोन, भिंगरीच्या वेण्या घालताना फोन.

"आई, शनिवारी माझी पोहण्याची शर्यत आहे. येशील ना?"

"बघू गं. कामाचा नुसता डोंगर झालाय."

"मागच्या वेळीही बघूच म्हणालीस. मी पोहायचं सोडून सारखी बाकांकडे बघत होते!"

आई काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. "हो, हो, लक्षात आहे तुमचं. कळवते हं," म्हणून तिने तो ठेवला.

घरात काकाही होता. भिंगरीच्या बाबांचा धाकटा भाऊ. सध्या नोकरी शोधत होता. एका ठिकाणी मुलाखत छान झाली होती. "कळवू," असं सांगून त्यांनी निरोप दिला, तेव्हापासून काका फोनला असा चिकटला होता की अंघोळीलाही तो घेऊन जायचा. दुसऱ्या एका छोट्या कंपनीने त्याला कामावर बोलावलं होतं, पण तिथे काय सांगावं हेच त्याला कळत नव्हतं.

साबणाचा फेस लागलेला फोन पुसत काका बाहेर आला, तशी आई उसळली. "भाऊजी, काय माणसं आहेत ही! असं टांगून ठेवायचं? दोन ओळी लिहायला हात झिजतात का यांचे?"

काका हसला. "वहिनी, रागावू नका, पण आत्ता ज्याला 'कळवते' म्हणालात, त्याचं खरंच ठरायचंय का?"

"छे हो! ती जागा केव्हाच भरली."

भिंगरीने मान वर केली. "आई, मग तोही फोन घेऊन अंघोळीला जात असेल?"

भाजी चिरणारी आईची सुरी थांबली. ती म्हणाली, "तोंडावर नाही म्हणायला जड जातं गं. माणूस दुखावतो. शिवाय एवढ्या सगळ्यांना कळवायला वेळ कुठे आहे?"

"वहिनी, आज तुम्हाला आलेल्या फोनमध्ये नव्या कामाचे किती होते?"

"दोन-चार असतील. बाकी सगळे 'माझं काय झालं' विचारणारे."

"बघा! हा डोंगर कोणी तुमच्या डोक्यावर ठेवलेला नाही. रोज एकेक खडा टाकून तुम्हीच रचलाय! नकाराने माणूस एकदा हिरमुसतो आणि दुसरी वाट धरतो. वाट बघायला लावलंत, तर रोज हिरमुसतो आणि रोज तुम्हाला फोन करतो."

आईला ते पटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोहोचताच तिने इतर कामं बाजूला सारली आणि ज्यांच्या जागा भरल्या होत्या, त्या सगळ्यांना कळवायला बसली. "या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. कृपया वाट पाहू नका. तुम्हाला मनापासून शुभेच्छा." शेजारची मैत्रीण म्हणाली, "आज काय, नकार वाटत सुटलीस? आता खा शिव्या!"

शिव्या नाहीच आल्या. कालच्याच माणसाचा फोन आला. "वाईट वाटलं, मॅडम, पण सुटलो! दुसरीकडून बोलावणं आलंय, त्यांना आता हो म्हणतो."

मग ती रोज सकाळी आधी हेच काम करू लागली. तिचा फोन शांत झाला. इकडे काकानेही धीर करून त्या कंपनीला स्वतःच विचारलं. नकार मिळाला. संध्याकाळी छोट्या कंपनीला होकार देऊन, फोन टेबलावर ठेवून, तो गाणी म्हणत मनसोक्त न्हाला.

"भिंगरे," आई म्हणाली, "शनिवारी शर्यतीला मी येणार. पण बक्षिसं देईपर्यंत थांबता येणार नाही. चालेल?"

"पळेल!"

शर्यतीत भिंगरी तिसरी आली. तिने बाकांकडे एकदाही पाहिलं नाही. आई तिथे आहे, हे तिला ठाऊक होतं.

म्हणून सांगतो मुलांनो, दुसऱ्याचा वेळ अडवून आपला वेळ वाचत नाही. हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर गोड शब्दांत नाही म्हणा, पण वेळेवर सांगा.

शर्यत संपल्यावर भिंगरीने काय केलं, माहीत आहे? उद्या खेळायला येशील का, असं मैत्रिणीने विचारलं होतं, तेव्हा ही आईसारखीच "बघू" म्हणाली होती. ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून ती तशीच मैत्रिणीकडे धावली आणि म्हणाली, "उद्या मला नाही जमणार गं. माझी वाट बघू नकोस, दुसऱ्या कोणालातरी बोलाव. पुढच्या रविवारी मी नक्की येते!"