न उमटलेली खूण

मी एक जुना बॉलपेन आहे, मित्रांनो. बँकेच्या काउंटरला सुतळीने बांधलेला. मी पळून जाईन अशी लोकांना भीती वाटते. या वयात मी पळणार तरी कुठे? टोपण हरवून वर्ष झाले. मागचे टोक तर कोणीतरी चावून चावून चपटे केले आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, कोणाची तरी लांबलचक पत्रे लिहीन. नशिबी आल्या चौकटी. पैसे पाठवण्याच्या अर्जावर अशा दोन असतात. 'साधे' म्हणजे पैसे ठरलेल्या वेळी गठ्ठ्याने निघतात, शुल्क लागत नाही. 'तातडीचे' म्हणजे लगेच पोचतात, पण शुल्क पडते. लोक न वाचताच नेहमीच्या चौकटीत खूण करतात आणि मी मुकाट्याने उमटतो. उमटून उमटून जीव मेटाकुटीला आला आहे.

शिवणकाम करणाऱ्या एक ताई दर महिन्याला परगावी शिकणाऱ्या लेकीला पैसे पाठवत. कायम 'साधे'. त्या दुपारीही त्यांचा हात सवयीने तिकडेच गेला, पण माझी शाई वाळली होती. त्यांनी मला झटकले, तळहातावर घासले.

"मेल्या, आजच रुसायचं होतं का तुला?"

मला फार लाज वाटली. काउंटरमागच्या कारकुनांनी स्वतःचा पेन पुढे केला आणि सहज अर्जाकडे पाहिले.

"ताई, या वेळी एवढे? कधी पोचायला हवेत?"

"आज पाचच्या आत. लेकीच्या प्रवेशाची फी आहे. नाहीतर तिची जागा जाईल हो."

"मग साधे नकोत. आजचा शेवटचा गठ्ठा तीनलाच गेला. आता पाठवलेत तर उद्या पोचतील."

ताईंनी अर्ज पुन्हा स्वतःकडे ओढला. "अगं बाई! आणि मी शुल्क वाचवत बसले होते."

दुसऱ्या चौकटीत खूण झाली, कारकुनांच्या पेनाने.

पुढच्या महिन्यात ताई हसतच आल्या. लेकीला जागा मिळाली होती. त्यांनी पर्समधून नवी रिफिल काढून माझ्यात घातली. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी काही आणले नव्हते. मला भरून आले.

मित्रांनो, पेनाला टोपण लावत जा. आणि खूण करण्याआधी पैसे कधी पोचायला हवेत, एवढे स्वतःला विचारा. मी आता पुन्हा सुरेख उमटतो. चुकीच्या चौकटीतही तितकाच सुरेख उमटेन.