इंदुताईंच्या दुरुस्त्या

इंदुताईंनी शहापुरातल्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. रिटायर झाल्यावर हातातला खडू सुटला, पण खोड सुटली नाही. वडगावात त्यांच्या विणकरांच्या गल्लीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर कुणी ‘पानी आल का’ असं विचारलं, की पाण्याचं राहायचं बाजूला. इंदुताई आधी खाली लिहायच्या, ‘पाणी आलं का?’

त्यात दुष्टावा नव्हता. गाव सीमाभागातलं. पाट्या कन्नड, कचेरीतले अर्ज कन्नड, पोरं इंग्रजी शाळेत. पहिलीचा पट वर्षागणिक कसा घटत गेला, ते त्यांनी हजेरीपुस्तकात पाहिलं होतं. उरली आहे तेवढी मराठी तरी नीट राहावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

भिंतीपलीकडं जयाबाई आणि तिचा नवरा मष्णू राहायचे. घरात दोन लूम. ग्रुपवर सगळ्यांत जास्त लिहायची ती जयाबाईच. एकदा तिनं नव्या साडीच्या काठाबद्दल ऐसपैस लिहिलं, रंग कसा जमला, धागा किती वेळा तुटला. इंदुताईंनी त्यात अकरा चुका काढल्या आणि नंबर घालून पाठवल्या. जयाबाईनं हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्यानंतर तिनं ओळ म्हणून लिहिली नाही.

हळूहळू बाकीच्यांनीही लिहिणं सोडलं. सगळे बोलूनच पाठवायला लागले. इंदुताईंची अडचण अशी, की त्यांचा उजवा कान पार गेला होता आणि डावा अर्धाच उरला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या फोन कानाला लावायच्या, नुसती खरखर ऐकायच्या आणि ठेवून द्यायच्या.

लूम चालू असला की मधली भिंत थरथरायची, ते मात्र त्यांना पाठ टेकली की कळायचं. एका मंगळवारी भिंत गप्प होती. बुधवारीही. गुरुवारी त्या बाहेर आल्या, तर शेजारच्या दाराला कुलूप. तेवढ्यात जयाबाईची सून मंजुश्री डबा घ्यायला आली. सासू-सासऱ्यांना ती अत्ती-मामा म्हणायची.

“कुठं आहेत गं सगळे?”

मंजुश्री बघतच राहिली. “बाई, मामांना अटॅक आलता की सोमवारी! दवाखान्यात हाईत. अत्तीनी ग्रुपवर सांगितलं, समदी येऊन गेली. तुमीच आला न्हाईसा.”

इंदुताईंनी तिला दोनदा सांगायला लावलं, तेव्हा कुठं सगळं कळलं. “अगं, मग लिहायचं नाही का?”

मंजुश्री कुलूप काढता काढता थांबली. त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाली, “तुमच्या भ्यानं कोन लिवत न्हाय, बाई.”

त्या दिवशी इंदुताईंना जेवण गेलं नाही. संध्याकाळी त्या रिक्षा करून दवाखान्यात गेल्या. मष्णू डोळे मिटून पडला होता. जयाबाई बाहेर बाकावर बसली होती. इंदुताई शेजारी टेकल्या. पहिल्यांदा तब्येतीचं विचारलं. मग म्हणाल्या, “जयाबाई, मला ऐकू येत नाही. फोनवरचं तर काहीच नाही. म्हणून आले नाही.”

“आणि आमी समजलाव, बाईंला राग आलाय.”

“मला कसला राग? मी तुमच्या चुका काढल्या, तेव्हा तुम्हाला यायला हवा होता.”

जयाबाई पदराशी चाळा करत राहिली. मग मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “राग न्हाय वो. लाज वाटली. मी चौथीपतोर कन्नड शाळेत. मराठी अक्षरं लेकाच्या पुस्तकातनं शिकले, त्यो झोपल्यावर. माझं लिवलेलं कोन वाचतंय, ह्येचंच लई कवतिक वाटायचं.”

अकरा चुकांची ती यादी इंदुताईंना आठवली. त्यात मधे कुठंही, साडी छान झाली असेल, असा शब्द नव्हता. त्यांनी जयाबाईचा हात धरला. “साडी दाखवायची राहिलीय मला. आणि तुम्ही लिहा. कसंही लिहा. तुम्ही लिहिलं नाही तर मला गल्लीतलं काही कळायचं नाही.”

मष्णू आठवड्यानं घरी आला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर जयाबाईचा मेसेज आला: ‘मालकास्नी बर हाय आज दोन भाकऱ्या खाल्ले समद्यानी लई केलसा’. इंदुताईंनी तो दोनदा वाचला आणि खाली लिहिलं, ‘वाचून जिवात जीव आला.’

सवय काही एका दिवसात जात नाही. पंधरवड्यानं कोपऱ्यावरच्या भरमूनं ‘सूभेच्छा’ लिहिलं आणि इंदुताईंचा अंगठा चालला. मेसेज गेल्यावर भान आलं, तसा त्यांनी तो घाईनं पुसला. पण पुसल्याची खूण सगळ्यांना दिसलीच.

लगेच जयाबाईनं विचारलं, ‘काय पूसलसा बाई’

इंदुताई एकट्याच खुदकन हसल्या आणि त्यांनी खरं ते लिहून टाकलं, ‘भरमूची चूक काढली होती. खोड जात नाही.’