शेवटच्या पानावरचा रिकामा फुगा

या मित्रांनो, अगदी जवळ या. थोडे पुढे सरका, मागच्यांनाही जागा द्या. माझा आवाज आता कागदाच्या सळसळीएवढाच उरला आहे. पण मन लावून ऐकाल, तर ताठ मानेने घरी जाल अशी गोष्ट सांगते.

मी एक जुनी चित्रकथा आहे. प्रेमाची! माझ्या मुखपृष्ठावर एक गायिका रेल्वेच्या फलाटावर उभी आहे आणि तिच्या गालावर टपोरा अश्रू आहे. त्या काळी आम्हा प्रेमकथांना एक तरी अश्रू लागायचाच. त्याशिवाय मालक छापायलाच घेत नसत.

एका छापखान्याच्या माडीवर माझा जन्म झाला. चित्रकाराने मला रूप दिले, पण वाचा दिली ती अक्षरताईंनी. पात्रांच्या तोंडाशी पांढरे फुगे असतात ना, त्यांत टाकाने सुबक अक्षरे काढणे हे त्यांचे काम. देवापुढे रांगोळी घालावी, तशा निगुतीने त्या लिहीत.

शेवटच्या पानावर नायक म्हणतो, "माझ्याबरोबर चल, पण गाणं सोडून." त्यावर गायिकेने म्हणायचे होते, "तुमच्याशिवाय मी कोणीच नाही."

अक्षरताईंनी टाक खाली ठेवला. "मालक, एवढं वाक्य बदला हो. पोरीबाळी वाचतात हे."

"बाई, तुम्ही अक्षरं काढा. अक्कल आम्ही घालतो."

"मग एवढं तुमच्याच हातानं काढा."

मालकांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ म्हणाले आणि घाईत विसरले. पाने तशीच यंत्रावर चढली. हजारो प्रती निघाल्या, त्या साऱ्यांत तो फुगा रिकामाच. ताईंना घरी बसवले. पुढे वाचकांना तो रिकामा फुगा आवडला, खप वाढला, तेव्हा मालक छाती काढून सांगू लागले, "ती माझीच कल्पना!"

मी आले बायकांच्या एका सलूनमध्ये. ते चालवणारी मावशी तोंडाने फटकळ, पण मनाने लोणी. केस वाळेपर्यंत बायका मला वाचत आणि पेन्सिलीने तो फुगा भरत. एकीने लिहिले, "येते, पण स्वयंपाक तुम्ही करायचा." दुसरीने ते खोडून लिहिले, "आधी आईला विचारते." काय हशा पिकायचा!

मावशीची भाची तिथेच गिऱ्हाइकांचे केस धुवायची. ती इतकी मोकळी हसे, की मावशी तिला खिदळी म्हणे. पण तिचे लग्न ठरले आणि ती तोंडाला टॉवेल लावून हसू लागली. फुग्यात तिने कधी काही लिहिले नाही. ओल्या हातांनी मला उघडायची आणि शेवटच्या पानाकडे बघत बसायची. तिच्या बोटांचे डाग अजून माझ्या अंगावर आहेत.

एके दुपारी नवरदेव आला. कशावरून तरी खिदळी हसली.

"झालं सुरू! चारचौघांत दात दाखवायचे नाहीत, कितीदा सांगू? तुझ्यासारखीला पत्करतोय, हेच पुष्कळ समज."

मावशीच्या हातातली कात्री थांबली. खिदळीने हात पुसले. तिने मला उचलले, आधीचे सारे खोडले आणि सावकाश लिहिले, "तुम्ही निघा. माझं गाणं व्हायचंय अजून."

मग ते पान तिने त्याच्यासमोर धरले.

"हे काय नवीन?"

"वाचता येत नाही का?" खिदळी म्हणाली. "बरं, तोंडी सांगते. तुम्ही निघा. माझं हसणं व्हायचंय अजून."

तो पाय आपटत गेला. "दार लावून घ्या हो, वारा येतो!" मावशीने मागून हाक दिली, आणि खिदळी अशी हसली, अशी हसली, की शेवटी डोळे पुसायला तोच टॉवेल लागला.

पुढे तिला जोडीदारही मिळाला. तिचे हसणे कानावर आले, की तो वाट वाकडी करून सलूनशी यायचा. मित्रांनो, खरे प्रेम देवाच्या दारासारखे असते. तिथे मान आपण होऊन लवते, कोणी ती दाबून धरत नाही.

नंतर रंगीत मासिके आली आणि मी कपाटाखाली गेले. माझ्या पिना गंजल्या, कोपरे वाळवीने खाल्ले. आता खिदळीचे केस पिकले आहेत. परवा तिनेच मला बाहेर काढले, धूळ पुसली आणि नवा दोरा घातला. जुने पुस्तक दिसले, तर तुम्हीही एवढे करा.

आणि एक मागणे आहे. माझ्या मुखपृष्ठावर मालकांचे नाव आहे, चित्रकाराचे आहे, अक्षरताईंचे कुठेच नाही. कधी कोणी तुम्हाला 'तू कोण?' असे हिणवले, तर उत्तर देण्याआधी त्यांची आठवण काढा.